एस्सेलवर्ल्डचे फोटो, हँडीकॅमच्या कॅसेटी: जुन्या सहली डिजिटल करण्याचा बिनचूक क्रम

माळ्यावरची बॅग खाली उतरते. त्यातून चार-पाच अल्बम, निगेटिव्हची पाकिटं आणि हँडीकॅमच्या कॅसेटी निघतात. पुढच्याच रविवारी घरातलं कुणीतरी स्कॅनर घेऊन येतं, आणि गडबड इथूनच सुरू होते. स्कॅनिंग हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि बरंच शेवटी करायचं काम आहे. ते आधी उरकलं की ‘स्कॅन ०००१’ ते ‘स्कॅन ०८००’ असा निनावी ढीग तयार होतो. मोबाइलच्या गॅलरीत १९९२ ची सहल यंदाच्या तारखेला दिसायला लागते. घाटात गाडीला टेकून उभे असलेले ते गृहस्थ कोण, हे सांगू शकणारं माणूस मात्र तोवर घरात उरलेलं नसतं. तिकडे कॅसेटी तशाच पडून राहतात, आणि आधी खराब होतात त्या कॅसेटीच.

कागदावरचा रंगीत फोटो हळूहळू फिका होतो, पण दिसत राहतो. चुंबकीय फितीचं तसं नाही. फितीला बुरशी लागली किंवा ती वाजवणारं यंत्रच बंद पडलं, की त्यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा, अधलीमधली पायरी गाळू नका.

तयारी: कधी बसायचं, काय लागेल

पावसाळ्यात अल्बममधून फोटो काढू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत फुगतो आणि चिकट होतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम हमखास बिघडतं. फोटो सोडवणं आणि स्कॅन करणं दिवाळीनंतर ठेवा. माणसांना विचारायचं काम मात्र गणपतीतही होतं, कारण सगळे एकत्र असतात.

सामान फार नाही: मऊ पेन्सिल (टू-बी किंवा त्याहून मऊ), साधी कागदी पाकिटं, रबरी ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, मऊ केसांचा ब्रश, डेंटल फ्लॉस, सिलिका जेलच्या पुड्या, आणि एकेक टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क. तासाभराची मिनी डीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर सुमारे १३ जीबी होते, म्हणजे दहा कॅसेटींना १३० जीबी. चार बाय सहा इंचाचा एक फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिफमध्ये, म्हणजे गुणवत्ता न घटवणाऱ्या फाइलमध्ये, सुमारे २६ एमबी होतो, म्हणजे हजार फोटो २६ जीबी. बहुतेक घरांना एक टेराबाइट भरपूर होतो.

काम टेबलावर करा, पंखा बंद ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. निगेटिव्हसाठी सुती हातमोजे वापरा.

टप्पा १: काहीही हलवण्याआधी नंबर

अल्बमचं प्रत्येक पान आहे त्या स्थितीत मोबाइलवर टिपून घ्या. कुठला फोटो कुठल्याशेजारी होता हीसुद्धा माहितीच आहे, आणि फोटो एकदा बाहेर काढले की ती परत मिळत नाही. मग अल्बमना अ१, अ२, अ३ असे नंबर द्या, कॅसेटींना क१, क२, निगेटिव्हच्या पाकिटांना न१, न२. अल्बममधल्या फोटोंचा नंबर पानांच्या क्रमाने: अ३-१२ म्हणजे तिसऱ्या अल्बममधला बारावा फोटो. हा नंबर शेवटपर्यंत बदलायचा नाही.

लॅबचं पाकीट आणि त्यातल्या निगेटिव्ह वेगळ्या करू नका. पाकिटावर स्टुडिओचं नाव, गाव, फोन नंबर, कधी कधी पावतीची तारीख असते. पुढे टप्पा ४ मध्ये हे सगळं कामी येतं.

सुटे कागदही वेगळे काढा: पार्कची तिकिटं, हातात बांधायचे कागदी पट्टे, राइडवर काढलेला आणि कार्डाच्या चौकटीत विकलेला फोटो, कीचेनमधला इवलासा फोटो, टोलच्या पावत्या. यातल्या टोलच्या आणि पेट्रोलच्या पावत्या बहुधा थर्मल कागदाच्या असतात. त्यांवर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा थर असतो आणि तो उडत जातो. म्हणून पावत्यांचा फोटो आजच घेऊन ठेवा, बाकी सगळं थांबू शकतं.

सावधान: हललेला किंवा अर्धा कापला गेलेला फोटो टाकून देऊ नका. चेहरे नीट आलेल्या फोटोत मागचं काही दिसत नाही. फसलेल्या फोटोतच गाडीची नंबरपाटी, पार्कचा फलक, शेजारची बस सापडते.

सावधान: काहीही लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन परत निघत नाही, आणि थर्मल पावती त्या उष्णतेने पूर्ण काळी पडते. डांबरगोळ्याही बाहेर काढा. त्यांची वाफ प्लास्टिकच्या कव्हरांना आणि कॅसेटींना बाधते.

टप्पा २: कॅसेटी आणि डिस्क, सगळ्यांत आधी

कॅसेट उतरवायला तिच्या लांबीएवढाच वेळ जातो. तासाच्या कॅसेटला तास, त्याला इलाज नाही. म्हणून हे काम आधी सुरू करा. ते चालू असताना टप्पा ३ करता येतो.

आधी ओळख पटवा. पुस्तकाएवढी मोठी ती व्हीएचएस. ऑडिओ कॅसेटपेक्षा थोडी लहान आणि जाड ती आठ मिलिमीटरची. तिच्यावर व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८ असं लिहिलेलं असतं. काडेपेटीपेक्षा जरा मोठी ती मिनी डीव्ही. आकार सारखा असला तरी हाय-८ आणि डिजिटल-८ यांचं चित्रण वेगळं आहे. पहिलं ॲनालॉग, दुसरं डिजिटल.

२.१ बुरशी पाहा. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेने पांढुरके ठिपके किंवा भुरकट थर दिसला तर ती कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. एका कॅसेटची बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटी हवाबंद पिशवीत वेगळ्या ठेवा आणि फीत साफ करून देणाऱ्या व्यावसायिकाकडेच द्या.

२.२ पुसली जाणार नाही याची सोय करा. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची टोपी तोडा. आठ मिलिमीटर आणि मिनी डीव्हीवर सरकती कळ असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवा. हे न करता कॅमेरा सुरू केला आणि चुकून लाल बटण दाबलं गेलं, तर सहलीवर आजच्या छताचं चित्रण होतं.

२.३ पाल की एनटीएससी? या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती. भारतात पाल पद्धत होती. पण अनेक घरांतला हँडीकॅम अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला असतो, आणि तो एनटीएससी असतो. एनटीएससीची कॅसेट फक्त पाल समजणाऱ्या यंत्रात लावली की चित्र काळं-पांढरं होतं, फिरतं किंवा येतच नाही. लोक कॅसेट खराब झाली असं समजून ती फेकून देतात. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेली पट्टी वाचा, पद्धत तिथे लिहिलेली असते. पालचं चित्र ७२० बाय ५७६ उतरवायचं, एनटीएससीचं ७२० बाय ४८०.

२.४ यंत्र. शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्याने चित्रण केलं तोच वापरा. मिनी डीव्हीवर ‘एलपी’ म्हणजे लांब वेळेच्या पद्धतीने केलेलं चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यात कित्येकदा चौकोन-चौकोन होऊन फुटतं. जुनी बॅटरी विसरा, अडॅप्टर लावा. पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घाला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या कॅमेऱ्याचे रबरी भाग कडक झालेले असतात आणि तो फीत खातो. असं झालं तर ते गॅलरीतून घेतलेल्या पावसाच्या चित्रणाचं व्हावं, आजी पाळण्यात बसल्याच्या चित्रणाचं नको.

२.५ जोडणी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मिनी डीव्ही आणि डिजिटल-८ फायरवायरनेच उतरवा. ही कॅमेरा संगणकाला जोडायची एक जुनी केबल. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याला आय-लिंक म्हणतात. त्याच कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातून फक्त मेमरी कार्डवरचे फोटो किंवा निकृष्ट चित्र येतं. फायरवायरने फितीवरचे मूळ डिजिटल आकडे जसेच्या तसे उतरतात, गुणवत्ता तिळभरही घटत नाही. नव्या लॅपटॉपला हे भोक नसतं. फायरवायर असलेला जुना संगणक मिळवा किंवा डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवून घ्या.

व्हिडिओ-८ आणि हाय-८ साठी उत्तम मार्ग म्हणजे डिजिटल-८ चा असा कॅमेरा, जो जुन्या ॲनालॉग कॅसेटीही वाजवतो. पुष्कळ मॉडेल वाजवतात, सगळी नाही. घेण्याआधी खात्री करा. तो ॲनालॉग चित्र आतल्या आत डिजिटल करून फायरवायरने बाहेर देतो. व्हीएचएससाठी व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चर, म्हणजे व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं छोटं उपकरण, लागतं. यंत्राला एस-व्हिडिओचं भोक असेल तर पिवळ्या पिनेऐवजी तेच वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात.

२.६ उतरवणं. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या, म्हणजे घट्ट बसलेली फीत सारखी होते. मग सुरुवातीपासून एका दमात उतरवा. ‘नको तो भाग’ वगळू नका. गाडीच्या खिडकीतून हलत्या हाताने घेतलेली दहा मिनिटं तेव्हा कंटाळवाणी होती. आज त्यात रस्त्यावरचे फलक, ढाबे, मागच्या सीटवरचे आवाज आहेत.

मूळ फाइल तशीच ठेवा. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून वेगळी एमपी४ प्रत करा. ती करताना दोन गोष्टी पाहा. ‘डीइंटरलेस’ चालू हवं, नाहीतर पळणाऱ्या मुलांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. आणि चित्राचं प्रमाण चारास तीनच ठेवा. टीव्हीचा पडदा भरावा म्हणून ताणलेल्या चित्रात सगळे जाड दिसतात.

२.७ डिस्क. स्टुडिओने करून दिलेल्या सीडी-डीव्हीडी टिकाऊ नसतात. त्यांतला रंगद्रव्याचा थर खराब होतो, तेव्हा त्याही आत्ताच उतरवा. काही हँडीकॅम आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करायचे. ती डिस्क संगणकात कोरी दिसली तर घाबरू नका. ती बहुधा ‘फायनलाइझ’ केलेली नसते, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद केलेली नसते, आणि ते त्याच कॅमेऱ्यात करावं लागतं. छोटी डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीच घालू नका, अडकते. सरकत्या ट्रेचा ड्राइव्ह वापरा.

तपासणी: उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाहा. ओठ आणि आवाज जुळतात का? ॲनालॉग कॅसेटीत आवाज हळूहळू मागे पडत जातो आणि सुरुवात ठीक वाटते, म्हणून शेवट पाहायलाच हवा. मगच कॅसेटवर बरोबरची खूण करा.

स्टुडिओला काम द्यायचं असेल तर दोनच गोष्टी ठाम सांगा: डीव्हीडी नको, मूळ फाइल हार्ड डिस्कवर हवी, आणि आधी एकच कॅसेट देऊन काम पाहणार. नंबरांची यादी सही करून घ्या.

टप्पा ३: माणसांची साक्ष

घाई करायचीच असेल तर या टप्प्याची करा. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल.

एका बैठकीत वीस-तीस फोटोच घ्या. त्याहून जास्त झाले की वडीलधारी माणसं थकतात आणि ‘असेल तेव्हाचा’ म्हणायला लागतात. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, आणि प्रत्येक फोटो पुढे करताना नंबर मोठ्याने बोला: ‘अल्बम तीन, फोटो बारा.’ नाहीतर तासाभराच्या मुद्रणात ‘हा बघ, इथे किती ऊन होतं’ हे वाक्य कुठल्या फोटोविषयी आहे ते नंतर कुणालाही कळत नाही.

‘हा कधीचा?’ असं विचारू नका. साल कुणाच्या लक्षात राहत नाही, खुणा राहतात. असं विचारा: गाडी कुणाची होती? चालवत कोण होतं? पुढे कोण बसलं होतं? डबा घरून नेला होता की वाटेत जेवलात? कुणाला गाडी लागली होती? राइडवर बसायला कोण घाबरलं? उत्तरं येतात ती अशी: ‘ताईचं बारावीचं वर्ष होतं म्हणून ती आली नव्हती’, ‘नवी मारुती घेतली त्याच मे महिन्यात’, ‘मामाचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं’. ही तिन्ही उत्तरं सालापर्यंत नेतात.

दोघांची साक्ष जुळली नाही तर वाद घालू नका आणि निकालही देऊ नका. दोन्ही लिहून ठेवा, कुणाची कुठली तेही लिहा. समोरच्याची चूक तिथल्या तिथे दाखवली की पुढचं बोलणं आटतं.

फोटोच्या मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, फोटो सपाट टेबलावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, जेलपेनची शाई शेजारच्या फोटोला लागते.

टप्पा ४: तारीख लावणं

साक्षीवरून अंदाज आला की फोटोतल्या वस्तूंवरून तो पारखून घ्या. खाली दिलेली सालं ‘याच्या आधीचा असूच शकत नाही’ एवढंच सांगतात, पण चुकीचे अंदाज कापून काढायला तेवढं पुरतं.

पार्क. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ चं, त्याचं वॉटर पार्क २०१४ चं. सहल लांबची असेल तर: दिल्लीचं अप्पू घर १९८४ ते २००८, हैदराबादची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून, बंगळुरूजवळचं वंडरला २००५ पासून.

रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पहिला भाग २००० मध्ये खुला झाला, पूर्ण रस्ता २००२ मध्ये. त्याआधीचा घाटातला फोटो जुन्या हमरस्त्यावरचा.

गाडी. हा सगळ्यात भरवशाचा पुरावा, कारण सहलीला निघताना गाडीसोबत फोटो काढायची पद्धतच होती. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून, टाटा सुमो १९९४, सांत्रो आणि इंडिका १९९८, क्वालिस २०००, स्कॉर्पिओ २००२, इनोव्हा आणि स्विफ्ट २००५. गाडी घेतल्याचं साल आरसी बुकात सापडतं. जुनी कागदपत्रं आहेत का ते विचारा.

नंबरपाटी. जिल्ह्याचा आकडा असलेला क्रमांक, उदाहरणार्थ एमएच १२, हा १९८९ मध्ये लागू झालेल्या नव्या मोटार वाहन कायद्यानंतरचा. नुसती तीन अक्षरं आणि आकडे असतील तर गाडी त्याआधी नोंदलेली, फोटो मात्र नंतरचा असू शकतो. खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर फोटो साधारण २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पलीकडचा नाही. कारखान्यातूनच उच्च सुरक्षा पाटी लावून आलेली नवी गाडी एप्रिल २०१९ नंतरची.

पाकीट. स्टुडिओच्या पत्त्यात ‘बॉम्बे’ छापलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. मुंबईचा सात आकडी फोन असेल तर आठ आकडी क्रमांक २००२ च्या सुमारास आले, त्याआधीचं. अर्थात जुनी पाकिटं संपेपर्यंत वापरली जात, तेव्हा एवढ्यावरच ठरवू नका.

मुलं. वरचे समोरचे दुधाचे दात साधारण सहा-सात वर्षांचं असताना पडतात. त्या मुलाचं जन्मसाल तुम्हाला माहीत असतंच. गणवेशावर स्वेटर आणि सोबत शिक्षक असतील तर ती शाळेची सहल, म्हणजे बहुधा डिसेंबर-जानेवारी. घरची सहल बहुतेक वेळा मे महिन्यातली किंवा दिवाळीच्या सुट्टीतली.

आता या सगळ्याचा मेळ कसा घालायचा ते पाहा. समजा, एका फोटोत पुण्याची सांत्रो आहे, पाटी काळी, त्यावर एमएच १२. कोपऱ्यात नारिंगी तारीख छापली आहे: ८७ १ ३. पुढे उभ्या मुलीचे वरचे दोन दात नाहीत आणि तिचा जन्म १९९३ चा. सांत्रो १९९८ मध्ये आली, तेव्हा छापलेली तारीख साफ खोटी; बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं आणि कुणी लावलं नाही. दातांवरून १९९९ किंवा २०००. काळी पाटी दोन्हींना चालते. मुलीच्या आईने सांगितलं की सहल मेच्या सुट्टीतली आणि धाकटा तेव्हा झाला नव्हता; तो फेब्रुवारी २००० चा. म्हणजे मे १९९९.

सावधान: फोटोमागे लॅबने छापलेली तारीख प्रिंटची असते, सहलीची नाही. छत्तीसचा रोल संपल्याशिवाय कुणी धुवायला टाकत नसे. एकाच रोलवर आधी वाढदिवस, मग सहल, शेवटी गणपती असं सापडतं.

टप्पा ५: प्रिंट सोडवणं आणि स्कॅन करणं

चिकट पानांचे अल्बम, म्हणजे वर पातळ प्लास्टिक आणि खाली गोंदाच्या रेघा असलेले, हा सगळ्यात त्रासाचा प्रकार. कोपरा धरून ओढू नका. फोटो वाकतो आणि वरच्या थराला कायमची चीर पडते. डेंटल फ्लॉस दोन्ही हातांत ताणून फोटो आणि पान यांच्यामध्ये घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत खाली न्या. गोंद कडक असेल तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर काही सेकंद फिरवा. तरीही निघत नसेल तर सोडून द्या. पान तसंच स्कॅनरवर ठेवून स्कॅन करा, फोटो तिथेच राहू द्या.

चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. प्लास्टिकच्या खिशाला चिकटला असेल तर खिसा कापून घ्या, फोटो ओढू नका. एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यात भिजवून सुटे करायचा उपाय सांगितला जातो. राइडवरच्या झटपट छपाईच्या किंवा इंकजेटच्या फोटोवर तो मुळीच करू नका, रंग वाहून जातात. लॅबच्या प्रिंटवरही आधी निगेटिव्ह शोधा. ती सापडली तर जोखीम घ्यायची गरजच नाही.

स्कॅनर असा लावा:

रिझोल्यूशन ६०० डीपीआय. तेवढ्याच आकाराची प्रिंट हवी असेल तर ३०० पुरतात, पण गर्दीतला एक चेहरा मोठा करायचा झाला की ६०० लागतात. १२०० केल्याने लॅबच्या साध्या प्रिंटमधून काही जास्त निघत नाही, फाइल चौपट होते.

रंगीत २४ बिट, काळ्या-पांढऱ्या फोटोलाही. पिवळेपणा, डाग, मागची शाई हे सगळं रंगात टिपलं जातं.

धार वाढवणं, धूळ काढणं, रंग सुधारणं हे सगळं बंद. हे नंतर प्रतीवर करता येतं, मूळ फाइलवर केलेलं परत फिरत नाही. प्रिंटवरचं ‘धूळ काढणं’ तर डोळ्यांतली चमक आणि टिकलीही पुसून टाकतं.

पांढऱ्या कडेच्या थोडं बाहेरून स्कॅन करा. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही त्याच नंबराने.

स्कॅनरची काच दर दहा-पंधरा फोटोंनंतर कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. द्रव कधीही काचेवर फवारू नका, कडेतून आत जातो. फोटोवरची धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने काढा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे बारीक थेंब बसतात.

खडबडीत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोताचे फोटो स्कॅनमध्ये ठिपक्यांनी भरून जातात. ते एकदा सरळ आणि एकदा उलटे फिरवून स्कॅन करा आणि बरं येईल ते ठेवा.

मोबाइलवरच करायचं असेल तर फ्लॅश बंद, खिडकीतला आडवा उजेड, फोटो सपाट, मोबाइल फोटोला समांतर. फोटोवर स्वतःची सावली किंवा ट्यूबलाइटची रेघ दिसते का ते प्रत्येक वेळी पाहा.

तपासणी: पहिले दहा फोटो झाले की थांबा. संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून पाहा. काचेवरचा केस किंवा चुकलेलं सेटिंग दहा फोटोंनंतर कळावं, सहाशेनंतर नाही.

टप्पा ६: निगेटिव्ह

निगेटिव्ह असेल तर ती प्रिंटपेक्षा सरस असते, पण सगळ्या स्कॅन करत बसू नका. ज्या प्रिंट हरवल्या, चिकटल्या किंवा फिक्या झाल्या त्यांच्याच करा. साधा सपाट स्कॅनर चालत नाही. झाकणात दिवा असलेला लागतो, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही-६००. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला २४०० ते ३२०० डीपीआय. इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय रंगीत निगेटिव्हवर चालू ठेवा. चांदीच्या पारंपरिक काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ती बंद करा, तिथे ती चित्रच खराब करते.

निगेटिव्हचा दुसरा उपयोग क्रमाचा. कडेला छापलेले आकडे १ ते ३६ पाहिले की फोटो कुठल्या क्रमाने काढले ते पक्कं कळतं. अल्बममध्ये सुंदर दिसावे म्हणून मागेपुढे लावलेले फोटो इथे आपापल्या जागी येतात: आधी घराच्या फाटकासमोर गाडी, मग धक्क्यावर बोटीची वाट, मग पार्क. पट्ट्या कापू नका, कडेनेच धरा.

टप्पा ७: नाव आणि फाइलमधली तारीख

नाव एकाच साच्यात: साल-महिना, जागा, नंबर. जसं 1999-05_एस्सेलवर्ल्ड_अ3-12. साल पुढे असलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. महिना माहीत नसेल तर शून्य-शून्य लिहा, मनाने महिना घालू नका. आकडे इंग्रजी कळफलकावरचे टाका, म्हणजे कुठल्याही यंत्रावर क्रम बिघडणार नाही.

नावापुरतं थांबू नका. गॅलरी फाइलच्या नावाकडे बघत नाही, आतल्या तारखेकडे बघते, आणि स्कॅनर तिथे आजची तारीख घालतो. डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर अनेक फोटो निवडून एकदम तारीख बदलून देतं. मथळ्याच्या जागी माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा, आणि पूर्ण लिहा. ‘आत्या’ तुमची, तुमच्या मुलांची ती आत्या नाही. तारीख अंदाजाने लावली असेल तर मथळ्यात ‘अंदाजे’ आणि अंदाज कशावरून केला ते एका ओळीत.

टप्पा ८: प्रती आणि मूळ वस्तू

तीन प्रती: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. एक डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा. पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, साठवण नव्हे. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवले की बारीक होतात, आणि वर्षभराने घरात तीच प्रत ‘मूळ’ म्हणून फिरते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो, निगेटिव्ह किंवा कॅसेटी फेकू नका. फोटो कागदी पाकिटांत, त्यावर पेन्सिलीने नंबर. कॅसेटी उभ्या, सुरुवातीपर्यंत गुंडाळून. जागा घरातली सगळ्यात कोरडी: माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको, खोलीच्या आतल्या भिंतीचा मधला कप्पा बरा. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याच्या तोंडावर बदला. त्याच दिवशी दोन्ही हार्ड डिस्क जोडून चार-पाच फाइली उघडून पाहा, आणि एखादी डिस्क खरखरायला लागली असेल तर तिची वाट न बघता नवी घ्या.